आईला कानडी येत नाही

रविवारी सकाळी मोहननं आईची फाईल जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. दार ओढून घेण्यात काही अर्थ नव्हता. बोगादीच्या या घराच्या भिंती इतक्या पातळ, की आत आईनं, अनुसूयाबाईंनी, कूस बदलली तरी टेबलापाशी कळे, आणि टेबलापाशी कुणी खाकरलं तरी आत. पण गेलं वर्षभर दार ओढून घेणं हाच या घरात उपचाराचा निम्मा भाग होऊन बसला होता.

टेबलापाशी तिघं होती. मोहनचे वडील गुंडुराव नेहमीच्या खुर्चीत, चष्मा कपाळावर. बहीण वेदवती बंगळूरहून पहाटेच्या गाडीनं आलेली, केस अजून ओले. आणि मोहन. त्याची बायको तुंगा मुलांना घेऊन मुद्दाम माहेरी गेली होती. असली बोलणी मुलांच्या कानावर नकोत म्हणून. स्वयंपाकघरात गुंडुरावांची थोरली बहीण अंबुबाई घेवड्याच्या शेंगा मोडत होत्या. त्यांना बोलण्यात घेतलं नव्हतं, म्हणून त्या प्रत्येक शेंग जरा जोरातच मोडत होत्या.

"बंगळूरच्या दवाखान्यात बुधवारी साडेअकराची वेळ मिळालीय," वेदवती म्हणाली. "खोली तयार केलीय मी. ऑफिसातून महिनाभर रजा. आप्पा, तुम्ही पण चला."

"तिला काय सांगायचं?" गुंडुरावांनी विचारलं.

"टॉनिकची सलाईन आहे म्हणून सांगू. दर आठवड्याला एक."

"मागच्या सहा पण टॉनिकच्याच होत्या," मोहन म्हणाला. "केस गेले सगळे. टॉनिकनं केस जातात, अल्वा, होय की नाही? तिनं एकदा तरी विचारलं का?"

"नाही विचारलं ना? मग झालं तर."

कॉलेजात मोहन मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचा, आणि न विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ उत्तर ठाऊक असणं असाही होतो, हे त्याला कळत होतं. पण या लपवाछपवीची सुरुवात त्याचीच होती, त्यामुळे तोंड उघडायला जागा नव्हती.

झालं होतं असं. गेल्या वर्षी पहिल्या भेटीत डॉक्टर प्राणेश रिपोर्ट वाचून सरळ अनुसूयाबाईंकडे वळले आणि कानडीत विचारते झाले, "एनु तोंदरे, अम्मा?" काय त्रास होतो. मोहनला पुढचं दिसलं. आई उत्तर देणार, डॉक्टर पुढचं विचारणार, आणि मग तिसऱ्या वाक्याला तो शब्द येणार. तो घाईघाईनं म्हणाला, "अम्मनिगे कन्नड बरोल्ल, डॉक्टर. बरी मराठी." आईला कानडी येत नाही, फक्त मराठी.

आता ही बाई कोण? बन्नूरात जन्मलेली, तिथल्या कानडी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, आणि लष्कर मोहल्ल्यात नवऱ्याच्या कापड रंगवायच्या अंगणात अडतीस वर्षं गिऱ्हाइकांशी कानडीत हुज्जत घातलेली. मोहनचं बोलणं ऐकून तिनं एकदा लेकाकडे पाहिलं, आणि मग मांडीवरच्या हातांकडे पाहत बसली. मोहनला वाटलं, आई समजूतदार, माझ्यावर सोपवून मोकळी झाली.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी कुणाकडून तरी 'बरं आहे का?' एवढं मराठी शिकून घेतलं, आणि प्रत्येक भेटीत ते हसून तेवढं विचारत. बाकीचं सगळं मोहनशी, कानडीत, अनुसूयाबाईंच्या डोक्यावरून. बाईंना कळतच नाही तर बाहेर कशाला पाठवायचं? अंडाशयाचा कॅन्सर, तिसरा टप्पा, पोटभर पसरलेला, सगळं तिच्यासमोर. मोहनला आपली चूक दुसऱ्याच भेटीत उमगली. पण आता "येते हो तिला कानडी" असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यानं मनाची समजूत घातली, की आई तेव्हा जप करत असते.

"डॉक्टर गुरुवारी काय म्हणाले ते परत सांग," गुंडुराव म्हणाले. तिसऱ्यांदा विचारत होते.

"आप्पा, सहा डोस संपून चार महिने पण झाले नाहीत तोवर परत आलाय. म्हणजे ते औषध आता चालणार नाही. नवं औषध आहे, पण शंभरात दहा-पंधरा जणींनाच लागू पडतं. लागलं तरी थोडे महिने. नाहीतर औषध थांबवायचं, आणि दुखणार नाही, पोटात पाणी साठलं तर काढायचं, एवढं घरीच बघायचं. त्यासाठी आज ती नर्स येतेय, नागरत्ना म्हणून. डॉक्टर म्हणाले, दोन्ही रस्ते बरोबर आहेत. कुठला घ्यायचा ते पेशंटनं ठरवायचं."

"पेशंटनं म्हणजे आपणच," वेदवती म्हणाली.

"आणि किती दिवस?"

मोहननं फाईलची दोरी गुंडाळली, सोडली. "वर्ष निघणं कठीण म्हणाले, आप्पा."

स्वयंपाकघरातला शेंगांचा आवाज थांबला.

"तिला नाही सांगायचं," गुंडुराव म्हणाले. "ओला रंग गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही."

हा त्यांच्या धंद्यातला नियम. कपडा कढईतून निघाला की रंग भलताच गडद दिसतो. गिऱ्हाइकानं तो पाहिला की घाबरतं, नाहीतर हुरळतं, आणि वाळल्यावर भांडायला येतं. म्हणून लष्करच्या अंगणात कपडा वाळेपर्यंत पडदा असायचा. धंदा बंद होऊन अकरा वर्षं झाली, अंगण विकलं गेलं, पण गुंडुरावांच्या तोंडून नियम सुटला नव्हता. मुलीचं लग्न ठरताना, मोहनची बदली होताना, प्रत्येक वेळी त्यांनी तो काढला होता.

---

अंबुबाईंनी शेंगा बाजूला सारल्या. भाऊ म्हणजे शुद्ध दगड आहे, असं त्यांचं साठ वर्षांचं मत होतं आणि आज ते आणखी पक्कं झालं.

त्यांची नि अनुसूयाबाईंची अकरा वर्षं बोलचाल नव्हती. म्हणजे बोलणं होतं, पण भिंतीशी. "म्हणावं, दूध उतू जातंय." "म्हणावं, औषधाची वेळ झाली." लष्करचं घर सोडताना अनुसूयाबाईंनी तडकलेल्या ठशांची पेटी पाणी तापवायच्या चुलीत घातली. कापडावर नक्षी छापायचे ते लाकडी ठसे अंबुबाईंच्या आजीचे. त्या दिवसापासून जे तोंड फिरलं ते फिरलं. तरी गेलं वर्षभर रात्री उठून अनुसूयाबाईंच्या पाठीला तेल कोण चोळत होतं? अंबुबाईच. तोंडातून अक्षर न काढता.

आणि पाठीला हात लावणाऱ्याला जे कळतं ते टेबलाशी बसणाऱ्यांना कळत नाही. परवा तेल लावताना अनुसूयाबाई उशीला सांगितल्यासारखं म्हणाल्या होत्या, "म्हणावं, आता फार दिवस नाही लागायचं चोळायला." अंबुबाईंनी तेलाची वाटी पुन्हा भरून आणली होती.

तेवढ्यात फाटक वाजलं. नागरत्ना आली होती. पस्तिशीची, सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी, येताना चप्पल नीट कोपऱ्यात लावून ठेवणारी. ही बाई कामाची, असं अंबुबाईंनी तिथंच ठरवून टाकलं.

मोहन लगबगीनं पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "सिस्टर, अम्मनिगे कन्नड बरोल्ल. काय असेल ते आम्हाला सांगा."

"परवागिल्ल," ती म्हणाली. हरकत नाही. "दुखणं समजायला भाषा कशाला लागते? पण मी आधी त्यांना भेटणार."

आणि तिनं आतलं दार उघडलं. मागोमाग सगळे.

अनुसूयाबाई पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. हातपाय काड्यांसारखे आणि पोट मात्र भरल्या दिवसांच्या बाईसारखं. डोक्याला पांढरा रुमाल. नागरत्ना खुर्ची न घेता पलंगाच्या कडेला बसली. त्यांचा हात हातात घेतला, आणि सवयीनं, उत्तराची अपेक्षा न करता, कानडीतच विचारलं, "नोवु इदेया, अम्मा?" दुखतं का?

वर्षभरात हा प्रश्न त्यांना थेट कुणी विचारला नव्हता.

"इदे," अनुसूयाबाई म्हणाल्या. "रात्रि जास्ति."

आणि मग त्या थांबल्याच नाहीत. बन्नूरची स्वच्छ, खणखणीत कानडी. डावीकडे कुठं दुखतं, किती वाजता सुरू होतं, दोन घास खाल्ले की पोट कसं तट्ट होतं, आडवं झालं की धाप लागते, सांगून सगळं मोकळं केलं. नागरत्ना मान डोलवत ऐकत होती. मध्येच तिनं वळून मोहनकडे एकदा पाहिलं. मोहन भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहू लागला.

---

"आई," शेवटी तो म्हणाला. "आई, मी..."

"तू गप्प बस जरा," अनुसूयाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. "वर्षभर तुझी ती कॉलेजची कानडी ऐकली मी. एक वाक्य धड नाही. मी जेवते एवढं सांगायला डॉक्टरांना म्हणे 'अम्मा ऊटा माडताळे'! अरे, आईला 'माडताळे' म्हणतात का रे? 'माडतारे' म्हणायचं. परक्या माणसासमोर आईला अरेतुरे! तोंड आवळून बसायला लागलं मला."

वेदवतीला हसू फुटलं आणि त्याच हसण्यातून रडू.

"मग बोलली का नाहीस ग?"

अनुसूयाबाईंनी नागरत्नाच्या हातातून हात सोडवून मोहनच्या मनगटावर ठेवला. "कसं बोलू? माझा लेक त्या खोलीत खोटा पडला असता. एवढा प्रोफेसर. डॉक्टर काय म्हणाले असते? मी म्हटलं, राहू दे सुम्मने, उगी राहावं. पोरगं भ्यालंय."

मोहन चव्वेचाळीस वर्षांचा. तो पलंगाच्या पायथ्याशी बसला आणि त्यानं आईच्या पावलांवर कपाळ टेकलं. त्याला फार मोकळं वाटलं, आणि मोकळं वाटल्याची लाजही वाटली.

"पण एक चुकलंच माझं," अनुसूयाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज उतरला. "पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं. हिच्या माहेरी कुणाला असलं दुखणं होतं का? मोहन म्हणाला, नाही. मी तिथं बसले होते. मला बोलायचं होतं."

"काय बोलायचं होतं?" वेदवतीनं विचारलं.

"माझी आई अशीच गेली, बन्नूरला. पोट फुगून. लोक म्हणाले, करणी. मी अकरा वर्षांची होते. आणि धाकट्या मावशीच्या छातीत गाठ होती. मोहनला कुठलं ठाऊक? मी कधी सांगितलं नाही. आणि त्या दिवशी सांगितलं असतं, तर मला कानडी कळते हे उघड झालं असतं." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "वेदी, वर्षभर मला माझ्या जिवाचं काही वाटलं नाही बघ. तुझंच वाटतं. तुला होणार का, एवढं एकच विचारायचं होतं त्या डॉक्टरांना. दर वेळी ते म्हणायचे, 'बरं आहे का?' आणि मी मान हलवायची."

दारातून अंबुबाईंचा आवाज आला. "अनुसूये! हे तू मला तरी सांगायचंस!"

अकरा वर्षांनी नाव घेऊन मारलेली हाक. बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. अनुसूयाबाईंच्या आलं. त्यांनी मान वर करून नणंदेकडे पाहिलं.

"सांगायला तुम्ही बोलत कुठं होता, वन्सं?"

"चुलीत घाल ते ठसे," अंबुबाई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं.

---

वेदवतीला बसावं लागलं. तिच्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. दीड वर्षापूर्वी आई फोनवर सांगायची, पोट फुगतंय ग, थोडं खाल्लं तरी भरतं, सारखं लघवीला जावं लागतं. आणि वेदवती मीटिंगला जाता जाता सांगायची, आई, गॅस आहे, ओवा खा, चालायला जा, वजन वाढलंय तुझं. सहा महिने ओवा. या सहा महिन्यांची भरपाई म्हणून तिनं बंगळूरची वेळ घेतली होती, खोलीला नवे पडदे लावले होते. ते पडदे आईसाठी नव्हते, हे तिला आत्ता कळलं.

"सिस्टर," ती म्हणाली, "मला होणार का?"

नागरत्ना तिच्याकडे वळली. "होणारच असं नाही. पण अम्मांनी सांगितलं ते महत्त्वाचं आहे. काही घरांत हे रक्तातून पुढं येतं. त्याची तपासणी असते. आधी अम्मांचं रक्त, त्यात दोष सापडला तर मग तुमचं. तुमच्यात निघाला तर आधीच काळजी घेता येते, वेळेवर ऑपरेशन करता येतं. तुमच्या या भावांनी पण," तिनं मोहनकडे हात केला, "तपासून घ्यायचं. मुली आहेत ना यांना?"

मोहननं मान हलवली. दोन होत्या.

"माझं रक्त घ्या," अनुसूयाबाई म्हणाल्या. "तेवढी एक सुई मी घेईन. दुसरी नाही. वेदी, ती बुधवारची वेळ माझ्यासाठी नको. तू जा तिथं, तुझं विचारून ये."

"आई, पण एकदा औषध घेऊन बघू ना. दहा-पंधरा जणींत तू असशील."

"असेन. नसले तर? दर आठवड्याला सुई, ओकाऱ्या, आणि तुझ्या सातव्या मजल्यावर खिडकीतून गाड्या बघत बसायचं. मागच्या वेळी तीन दिवस मान वर होत नव्हती. मला ते दिवस इथं पाहिजेत, वेदी. सकाळी ऊन अंगावर घेत, वन्संचं बोलणं ऐकत." त्या जरा हसल्या. "आता सुरू झालंय तर बरंच साठलेलं असेल."

वेदवतीनं भावाकडे पाहिलं. वर्षभर प्रत्येक बाबतीत तो तिच्या बाजूनं मान हलवत आला होता.

"आई म्हणते तसं," मोहन म्हणाला.

वेदवतीनं नागरत्नाकडे पाहिलं. तिथंही सुटका नव्हती. नागरत्ना पिशवीतून वही काढून सांगू लागली. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या, घड्याळ लावून, दुखायची वाट बघायची नाही. "सवय लागेल म्हणून कुणी गोळी चुकवायची नाही, हं." पोटातलं पाणी ती डॉक्टरांबरोबर येऊन काढील, दवाखान्यात पळायला नको. पुढं कधी आतडं अडेल, ओकाऱ्या थांबणार नाहीत, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा, हेही तिनं लपवलं नाही. आणि मन बदललं तर नव्या औषधाचा रस्ता बंद होत नाही, डॉक्टरांशी केव्हाही बोलता येईल, असंही सांगितलं. ती हे सगळं अनुसूयाबाईंना सांगत होती. बाकीचे नुसते ऐकत होते, आणि वेदवतीच्या लक्षात आलं, की हेच बरोबर आहे. तिनं फोनवर सगळं टिपून घेतलं. एकदाच तिचा अंगठा थांबला, 'ओकाऱ्या' या शब्दापाशी, मग पुढं चालला.

---

नागरत्ना गेली. अंबुबाई भात बघायला गेल्या, मोहन-वेदवती त्यांच्या मागं. खोलीत गुंडुराव उरले.

ते इतका वेळ खिडकीपाशी उभे होते. त्यांना सगळ्यांचाच राग येत होता. नर्सचा, मोहनचा, बन्नूरच्या मेलेल्या सासूचा. सगळं बोलून झालं होतं, आणि एवढं बोलूनही आजार होता तिथंच होता.

"बसा इथं," अनुसूयाबाई म्हणाल्या. ते बसले. "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मी काय बोलू? तुला सगळं ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. डॉक्टरांनी कानडीत सांगितलं. वेदी फोनवर मैत्रिणींशी बोलायची ते इंग्रजी पण कळलं थोडं. पण घरच्या बोलीत मला कुणीच सांगितलं नाही. एकोणपन्नास वर्षं तुमच्या मराठीत संसार केला. भांडले, पोरं वाढवली. एवढी मोठी गोष्ट परक्या बोलीत ऐकून कशी जाऊ? तुम्ही सांगा."

"ओला रंग..." गुंडुराव पुटपुटले.

"गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही. ठाऊक आहे. पडद्याच्या आत कढईतून कपडा कोण काढायचं? मीच ना? कोपरापर्यंत हात लाल व्हायचे. मी काय गिऱ्हाईक आहे, अहो?"

गुंडुरावांनी कपाळावरचा चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत कपाळावरच ठेवला. बाहेर अंबुबाई कुणाला तरी पानं मांडायला सांगत होत्या. त्यांनी बायकोचा हात घेतला. त्या हातावरचा रंग कधीच गेला होता, नखांच्या कडांना तेवढी लालसर झाक राहिली होती, किंवा त्यांना तशी वाटली.

"अनू," ते म्हणाले. "तुझा आजार आता बरा व्हायचा नाही."

"हां."

"वर्ष निघणं कठीण म्हणतात. पोटात पाणी होत राहील. दुखेल, पण त्याला गोळी आहे." त्यांनी तिच्या नखांच्या कडांवरून अंगठा फिरवला. "आणि मला तुझ्याशिवाय राहायला येत नाही. मी काय करू, ते मला कळत नाही."

डॉक्टरांनी सांगितलेलं एकूण एक अनुसूयाबाईंना वर्षभर ठाऊक होतं. हे शेवटचं मात्र त्यांना कुणी कुठल्याच भाषेत सांगितलं नव्हतं.